संध्याकाळचा ताप

खैरमाळ, ता. सेनगाव, जि. हिंगोली
९ ऑक्टोबर २०००

चि. भारत यास आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोळ्याच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला. आबा म्हणतात लिहू नको, म्हणून ते माळावर गेल्यावर लिहून राहिले. "त्याच्या दवाखान्यात दुनियेचे आजारी येतात, त्यात आपली भर काहून?" असं त्यांचं म्हणणं.

आबांना ताप येऊन राहिला. पोळ्यापासून. सकाळी काही नसतं. उठतात, चहा घेतात, कळप सोडतात. दिवस कलला की अंगावर काटा येतो, मंग घोंगडं घेऊन मेंढरांच्या वाडग्याच्या कडेला बसून राहतात. घामानं बंडी अशी भिजते की पिळली तर पाणी निघावं. कंबर दुखते. भाकर अर्धी सोडतात. ते सायकलवाले किसनराव डॉक्टर तुला याद असतील. त्यांनी सुई दिली. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा ताप. पुन्हा सुई. आतापर्यंत सात झाल्या. माणूस भला हाय, पण त्यांना नऊ गावं करायची असतात. सायकलवरून उतरायच्या आधीच विचारतात, "ताप?" आबा म्हणतात, "ताप." झालं.

मला विचारशील तर हा ताप तुझा हाय. रागावू नको. चार साल झाले तुला जाऊन. "कळप सोडून जाशील तर माघारी पाहू नको" म्हणाले, अन् तू खरंच पाहिलं न्हाई. पण संध्याकाळची एस.टी. फाट्यावर थांबली की आबांची मान तिकडं वळते. ताप बी त्याच टायमाला येतो. आता तूच सांग.

मी आखाडीपासून इथंच हाय. आई गेल्यापासून आबांचं करणारं कुणी न्हाई, म्हणून तिकडून पाठवलं. तुझे दाजी म्हणाले, राहा पाहिजे तितके दिवस.

दिवाळीला ये.

तुझी आक्का
राधिका


पुणे
२१ ऑक्टोबर २०००

सौ. राधिकाआक्का हिस भारतचा नमस्कार.

पत्र मिळालं. दिवाळीला रजा मिळत नाही. खूप खटपट केली.

आक्का, मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या बघणारा माणूस आहे. पण एवढं शिकलोय की ताप हे आजाराचं नाव नसतं. आमच्या इथं राजनंदिनी मॅडम म्हणून मोठ्या डॉक्टर आहेत, त्या म्हणतात, ताप म्हणजे दारावरची थाप. कोण आलंय ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. किसनराव सुई देतात ती कशाची? बाटलीवरचं नाव लिहून पाठव. रक्त तपासलं का? सोबत डब्यात कापसात गुंडाळून थर्मामीटर पाठवतोय. काखेत धरायचा, तीन मिनिटं. सकाळ-संध्याकाळ बघून तारखेसमोर आकडा लिहीत जा. विसरू नको.

माझ्यामुळे ताप येतो असं पुन्हा लिहू नको. मला इथं काम सुचत नाही.

एक सांगतो. दसऱ्यानंतर इकडं घाटाखाली जाणारे मेंढपाळ पुण्यातून जातात. परवा कामावर निघालो तर अख्खा रस्ता मेंढरांनी भरलेला. मोटारवाले हॉर्न वाजवत होते. मी सायकलवरून उतरलो आणि त्यांच्यामागून चालत राहिलो, नदीच्या पुलापर्यंत. मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचा रं तू?" मी सायकलवर टांग टाकली. कामावर पाऊण तास उशीर झाला.

तुझा
भारत


खैरमाळ
३ जानेवारी २००१

चि. भारत यास आशीर्वाद.

थर्मामीटर पोचला. आकडे लिहिले होते, पण आता गरज न्हाई, म्हणून पाठवत न्हाई.

झालं असं. दिवाळीनंतर आबा अगदीच खंगले. जमीलचाचानं शिलाईचं दुकान बंद ठेवलं अन् जीप करून आम्हाला हिंगोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, वजन केलं, घाम येतो का विचारलं. म्हणाले टी.बी. असंल, गोळ्या सुरू करू. लाल लघवी होईल, घाबरू नका म्हणाले. अन् काय सांगू, पंधरा दिवसांत ताप गेला! भूक लागली. परवा तर कळप घेऊन टेकडीपलीकडं जाऊन आले.

काल जेवताना आपणहून म्हणाले, "त्या पोराले पुण्यात भाकर कोण करून देते?" मी म्हणाले, स्वतः करतो. तर म्हणाले, "करपत असंल." पण तुझं नाव निघालं, चार सालात पहिल्यांदा.

आता काळजी करू नको.

आक्का


पुणे
१५ जानेवारी २००१

सौ. आक्का,

वाचून बरं वाटलं. पण थुंकी तपासली का? छातीचा फोटो काढला का? तसं काही तू लिहिलं नाहीस. टी.बी. असेल तर गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात, बरं वाटलं तरी. एकही दिवस चुकवायचा नाही. आणि तो टी.बी.च आहे हे कुणीतरी तपासून सांगायला हवं.

मी इथल्या एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं, शेती. ते म्हणाले, मग टी.बी. असू शकतो, चालू द्या.

भाकर करपत नाही असं आबांना सांग. करपते, पण सांगू नको.

भारत


खैरमाळ
२८ मार्च २००१

चि. भारत,

माझंच चुकलं. दोन महिन्यांच्या गोळ्या संपल्या अन् आबा म्हणाले, आता काहून खायच्या, मी बरा हाय. मी बी जोर केला न्हाई. होळीच्या आधी ताप परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. तू मागितले होते ते आकडे वेगळ्या कागदावर लिहिले हायेत. बघ, सकाळी अठ्ठ्याण्णव, संध्याकाळी एकशे दोन, एकशे तीन. आठ दिवस असं, मंग चार दिवस काहीच न्हाई, मंग पुन्हा. कमरेतून वाकून चालतात. हिंगोलीला न्यायचं म्हणलं तर ऐकत न्हाईत. किसनराव आले होते, त्यांनी सुई काढली अन् परत पेटीत ठेवली. म्हणाले, "राधिका, मला बी आता समजून न्हाई राहिलं." मला तो माणूस लई बरा वाटला त्या दिवशी.

थुंकी कुणी तपासली न्हाई. फोटो बी न्हाई.

आणखी एक हाय. आबा माझ्यावर नाराज हायेत. त्यांचं धोतर मला धुवू देत न्हाईत. स्वतः ओढ्यावर जाऊन धुतात, वाकवत न्हाई तरी. पाय फाकवून चालतात. काय झालं विचारलं तर अंगावर ओरडले, "तू तुझं काम कर." मला वाटतं मी इतके दिवस माहेरी राहिले ते त्यांना आवडत नसंल. लोक बोलत असतील. काल मला न सांगता जमीलचाचाकडं जाऊन बसले होते, दुपारभर. काय बोलणं झालं ते दोघं बी सांगत न्हाईत.

तुझी आक्का


खैरमाळ
२ एप्रिल २००१

भारतबेटा, जमीलचाचाची दुआ.

तुझे आबा माझ्या मशीनपाशी बसलेत. ते बोलून राहिले, मी लिहून राहिलो. माझं मराठी कच्च्या टाक्यासारखं हाय, सांभाळून घे. राधिकाला हे सांगायचं न्हाई असं ज्ञानबानं मला कसम घातली. पोरीला कसं सांगावं, म्हणतो. तीन आठवडे झाले, त्याला पुरुषाच्या जागी सूज आली हाय. एका बाजूनं, लिंबाएवढी. बसता येत न्हाई. किसनरावला दाखवलं न्हाई, कारण दाखवायचं तर घरात, अन् घरात पोरगी. मागं बी एकदा आली होती, गोळ्या सुरू झाल्या तवा गेली, म्हणून हिंगोलीत बी बोलला न्हाई. मी म्हणालो, अरे गध्या, डॉक्टरसमोर कसली शरम. तर म्हणतो, शरम डॉक्टरची न्हाई.

आता पुढचं त्याच्या तोंडचं, जसं बोलला तसं लिहितो.

"भारत, मले वाटते हे कुणाची तरी नजर हाय. मागच्या सालापासून कळपातल्या अकरा शेळ्या गाभडल्या. दिवस भरायच्या आत टाकून देतात. देवाचं केलं, बकरं दिलं, फरक न्हाई. आता माझ्याच मागं लागलं. तुले ये म्हणत न्हाई. माघारी पाहू नको म्हणलं होतं ते मी रागानं म्हणलं होतं. रागाचं बोलणं लेकरानं इतके साल धरून ठेवायचं नसते."

इथं तो उठून बाहेर गेला. पुढचं मी माझं लिहितो. बेटा, ये.

जमील


पुणे
९ एप्रिल २००१

सौ. आक्का,

मी येतोय. हे पत्र माझ्याआधी पोचलं तर आबांना तयार ठेव, त्यांना पुण्याला आणायचंय. तुझ्यावर ते नाराज नाहीत. जमीलचाचानं मला लिहिलंय, काय ते आल्यावर सांगतो. तुझी काही चूक नाही.

चाचाचं पत्र आणि तुझे आकडे घेऊन मी सरळ राजनंदिनी मॅडमकडे गेलो. त्या दुपारचा डबा खात होत्या. म्हटलं, मॅडम, घरचं पत्र आहे, वाचून दाखवू? त्यांनी डबा बाजूला सारला. एकदाही न टोकता ऐकत होत्या. अकरा शेळ्यांपाशी त्यांनी हात वर केला.

"थांब. वडील काय करतात तुझे?"

मी पत्राची घडी घालायला लागलो.

"भारत, काय करतात वडील?"

"मेंढरं-शेळ्या राखतात," मी म्हणालो.

आक्का, चार वर्षांत इथं पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून निघालं. सगळ्यांना मी शेती म्हणून सांगत आलो. जानेवारीत त्या डॉक्टरांना सुद्धा शेतीच सांगितलं होतं, तेही मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हे तू जानेवारीत कुणाला सांगितलं असतंस ना, तर तेव्हाच तपासलं असतं." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना एका आजाराची शंका आहे. तो शेळ्या-मेंढ्यांतून माणसात येतो. शेळी गाभडली की पिलामागून पडणाऱ्या वारेत, तिच्या रक्तात, दुधात त्याचे जंतू असतात. ताप येतो-जातो, घाम येतो, कंबर धरते. टी.बी.च्या गोळ्यांनी तो थोडा दबतो, म्हणून सगळे फसतात. रक्त तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. तोवर शेळीचं दूध चांगलं उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. आबा धारोष्ण पितात, माहीत आहे मला.

आणि दिवाळीला रजा मिळत होती. मीच मागितली नाही. दारात उभं राहिल्यावर आबा काय म्हणतील याची भीती वाटली.

भारत


पुणे
६ मे २००१

सौ. आक्का,

तू एकटीनं कळप सांभाळतेस, जमीलचाचा दुकान सोडून मदतीला येतात, सगळं आबांना सांगतो. ते रोज विचारतात.

रक्ताचं सांगतो. ही तपासणी अशी की रक्तातलं पाणी निम्मं-निम्मं पातळ करत दहा नळ्यांत टाकायचं, आजाराचे मेलेले जंतू त्यात घालायचे आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. आजार नसेल तर पहिल्या एक-दोन नळ्यांतच विषय संपतो. मी अशा शेकडो नळ्या बघितल्यात. या वेळी चिकटपट्टीवर नाव होतं ज्ञानबा. साहेब म्हणाले, दुसऱ्याला बघू दे. मी म्हटलं, नाही, मीच बघतो. पहिली, दुसरी, तिसरी... आठव्या नळीपर्यंत तळाला जंतूंचा साका बसला होता. मी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग साहेबांना मोजायला लावल्या.

ब्रुसेला म्हणतात त्याला. छातीचा फोटो स्वच्छ आहे, थुंकी तीनदा तपासली, टी.बी. नाही. पण कमरेचा एक मणका या आजारानं धरलाय, म्हणून तीन महिने गोळ्या आणि सुरुवातीचे तीन आठवडे सुया. वेळेवर कळलं असतं तर सहा आठवड्यांत भागलं असतं. सूज उतरतेय. मॅडम म्हणतात ताप जाईल, पण कंबर पहिल्यासारखी सरळ होईल का ते सांगता येत नाही.

आबा माझ्या खोलीवर आहेत. पहिले चार दिवस आम्ही बोललोच नाही. पाचव्या दिवशी मी त्यांचं धोतर धुवायला घेतलं तर त्यांनी हिसकून घेतलं, मग पुन्हा माझ्या हातात दिलं. त्या दिवशी भाकर बघून म्हणाले, "करपली." मी म्हटलं, "व्हय." दोघांनी खाल्ली.

संध्याकाळी खिडकीपाशी बसतात. इथून समोर नुसत्या भिंती दिसतात. परवा कुठंतरी करडू ओरडलं तर चप्पल न घालता खाली उतरले. शेजारच्या इमारतीत कुणीतरी कुर्बानीसाठी बांधलेलं राहिलं होतं म्हणे. अर्धा तास त्याच्यापाशी उभे होते.

आता महत्त्वाचं. मॅडमनी आबांना विचारलं, शेळ्यांची बाळंतपणं कोण करतं? आबा म्हणाले, माझी पोरगी, तिचा हात हलका आहे. आक्का, तुला ताप येतो का? खरं सांग.

भारत


खैरमाळ
१७ मे २००१

चि. भारत,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस फिरले. लिहायला बसले की उठत होते.

येतो. संध्याकाळी अंग मोडून येतं, सांधे दुखतात. मला वाटायचं कामानं. बाईमाणसाचं अंग दुखतंच, त्याचं काय लिहायचं.

पण तू खरं सांग म्हणालास. मंग ऐक. तू पाकिटावर सौ. लिहितोस ना, पोस्टमन मोठ्यानं वाचतो, अन् शेजारच्या बाया खाली बघतात. आता लिहू नको. चैत्रात पंचांसमोर काडीमोड झाली. तुझ्या दाजींनी मागच्या आठवड्यात दुसरं लगीन केलं. आबांना काडीमोडीचं माहीत होतं, मीच तुला कळवू नका म्हणाले होते. तू नोकरी सोडून भांडायला आला असतास.

दोनदा माझं पोट राहिलं अन् दोन्ही वेळा गेलं. एकदा चौथ्या महिन्यात, एकदा सहाव्या. सहाव्यातलं मुलगी होती. सासूबाई रुख्मिणीबाई वाईट न्हाईत रे. पहिल्यांदा त्याच रडल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, हिच्यात काहीतरी हाय. तुझे दाजी काहीच म्हणाले न्हाईत. त्यांनी काही म्हणावं म्हणून मी लई वाट पाहिली.

आता जे लिहिते ते आबांना वाचून दाखवू नको. माझ्या लग्नात आबांनी आंदण म्हणून तीन शेळ्या दिल्या होत्या. तिकडं त्यांची बाळंतपणं मीच करायचे. दोघी माझ्या हातावर गाभडल्या. पहिली गाभडली त्याच्या दुसऱ्या महिन्यात माझं गेलं. तुझं पत्र वाचलं तवा मी बोटांवर महिने मोजले. माणसाला बी असं होतं का? तुझ्या मॅडमला विचार. न्हाई म्हणाल्या तर तसं लिही, व्हय म्हणाल्या तरी लिही.

आक्का


पुणे
२४ मे २००१

राधिकाआक्का,

मॅडम म्हणाल्या, होऊ शकतं. नक्की त्यामुळंच झालं असं आता कुणालाच लिहून देता येणार नाही, तेव्हा तपासलं नाही. पण होऊ शकतं, आणि औषध घेतल्यावर पुढं मूल होऊ शकतं.

कळप जमीलचाचावर सोड आणि ये. मी हिंगोलीच्या स्टँडवर घ्यायला येतोय. बाकी काही मला लिहिता येत नाही.

भारत


खैरमाळ
१९ नोव्हेंबर २००१

चि. भारत यास आशीर्वाद.

पुण्याहून परत येऊन तीन महिने होत आले अन् तुला धड एक पत्र न्हाई. आज सगळं लिहिते.

आबांना ताप न्हाई. माझा बी गेला. दिवस कलला तरी अंग हलकं राहतं, अजून विश्वास बसत न्हाई. आबांची कंबर मात्र तशीच. काठी घेऊन फाट्यापर्यंत जातात, पुढं न्हाई. कळप मी नेते.

सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यातले शंकरसिंग डॉक्टर येऊन सगळ्या कळपाचं रक्त घेऊन गेले होते. बारा शेळ्यांत तोच आजार निघाला. बाजारात नेल्या तर कुणी बी घेईल, कुणाला काय कळतं, असं दोघा-तिघांनी सांगितलं. आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी ताप इकू का मी?" त्या बारा शंकरसिंग डॉक्टरांच्या देखत संपवल्या अन् खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. आबांनी एकेकीचं नाव घेतलं. त्यातल्या चार त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवल्या होत्या. त्या दिवशी जेवले न्हाईत.

किसनराव डॉक्टर आले होते. तू दिलेली या आजाराची चिठ्ठी मी वाचून दाखवली. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. मंग सायकलवरून उतरले अन् ओट्यावर बसून वहीत उतरून घेतली. गेल्या महिन्यात त्यांनी शेजारच्या वाडीतला एक हटकर मेंढपाळ सरळ हिंगोलीला पाठवला, रक्त तपासायला. सुई दिली न्हाई.

आता मुद्द्याचं. खड्डा बुजवल्यावर तिसऱ्या दिवशी आबांनी मला समोर बसवलं. म्हणाले, "आंदणातल्या त्या तीन शेळ्या अजून तिकडंच हायेत का?" मी तुला सांगू नको म्हणाले होते. तू सांगितलंस की त्यांनीच मनानं ओळखलं, मी विचारलं न्हाई. मी म्हणाले, असतील. ते म्हणाले, "मंग जाऊन सांगून ये. आपल्या घरून गेलेला ताप हाय. माझी कंबर धड असती तर मीच गेलो असतो."

मी आठ दिवस टाळलं. मंग सोमवारी गेले. वसमतची एस.टी. धरली, तिथून पुढं त्यांच्या गावची. सोबत माझा रक्ताचा रिपोर्ट घेतला, तोच आजार लिहिलेला.

सासूबाई दारात होत्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. आत नवी आली हाय ती पोरगी होती, पेमा. एकोणीस-वीसची असंल. पाचवा महिना लागलाय. मी कोण ते तिला कुणी सांगायच्या आधीच कळलं. तिनं पाणी दिलं अन् उभी राहिली, बसंना. मागच्या छपरात दोन शेळ्या. तिसरी मेली म्हणे. एक गाभण होती.

मी म्हणाले, "पेमा, ही शेळी व्याली की तिला हात लावायचा न्हाई. गाभडली तर अजिबात न्हाई. वार दुसऱ्या कुणी हातात पिशव्या घालून पुरायची. दूध खदखदून उकळल्याबिगर प्यायचं न्हाई. अन् आधी या दोघींचं रक्त तपासून घ्या. तुझं बी."

ती म्हणाली, "काहून?"

मी सांगितलं. आबांचं, माझं. तू समजावलं होतं तसं, जेवढं मला येतं तेवढं. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. पेमानं सगळं ऐकलं, मंग हळूच म्हणाली, "मंजे तुमच्यात काई नव्हतं?"

"नक्की कुणालाच सांगता येत न्हाई," मी म्हणाले. "पण नव्हतं असं डॉक्टरीणबाईंना वाटतं."

तवा ती बसली. माझ्या हाताला धरून बसली अन् रडायला लागली. मला वाटलं होतं मी रडेन. मला रडू आलंच न्हाई. तिच्या हाताला चुना-कात लागला होता, तो बघत राहिले.

तेवढ्यात प्रभू आले. मी त्यांचं नाव लिहिते आता, दाजी कसं लिहू. शेतातून आले होते. सासूबाईंनीच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढं केला, मी रिपोर्ट दिला. इंग्रजीत हाय तो, त्यांना काय कळणार. तरी खालपर्यंत वाचला. मंग म्हणाले, "आधी काहून न्हाई आणला?"

"आधी नव्हताच," मी म्हणाले.

त्यांनी घडी घातली. परत द्यायला हात पुढं केला अन् मागं घेतला. म्हणाले, "राहू दे का मह्यापाशी?" मी व्हय म्हणाले. मला त्याचं काय करायचं होतं.

दोन्ही शेळ्या बुधवारी वसमतच्या दवाखान्यात दाखवतो म्हणाले, पेमाला बी नेतो म्हणाले. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी निघाले.

स्टँड तिथून मैलभर. ते मागून आले. बरोबर न्हाई, दहा-बारा पावलं मागं. हळदीच्या वावरातून वाट जाते. दोन साल मी त्या वाटेनं त्यांचा डबा नेला होता. पुढं मी, मागं ते. मी एकदा बी वळून पाहिलं न्हाई, पण त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत होते. थांबला तर कळावं म्हणून. थांबला न्हाई.

एस.टी. आली. मी चढले, खिडकीशी बसले. ते खिडकीखाली उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. दुसऱ्यांदा पोट गेलं तवापासून मी वाट पाहत होते ते काहीतरी. कंडक्टरनं घंटी मारली. तवा त्यांनी वर बघितलं.

"जेवलीस का?" म्हणाले.

मी व्हय म्हणाले. जेवले नव्हते.

तुझी आक्का
राधिका